अमेरिकेत परराज्यात रायफल मिळते, पण दोन राज्यांचे कायदे सांभाळून. ही अट काढावी का?

दुनळीवाला
अमेरिकेतल्या १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने परराज्यातून बंदूक घेणं बंद केलं, पण रायफल आणि शॉटगनसाठी एक फट ठेवली. आधी ती लगतच्या राज्यांपुरती होती, १९८६च्या दुरुस्तीने देशभर झाली. अटी दोन: गिऱ्हाईक परवानाधारक डीलरसमोर स्वतः उभं हवं, आणि विक्री दोन्ही राज्यांच्या कायद्यांत बसायला हवी, दुकानाच्याही आणि गिऱ्हाइकाच्याही. पिस्तुलाला ही सोय नाही. ते गिऱ्हाइकाच्या राज्यातल्या डीलरकडेच पाठवावं लागतं.

माझं मत: दुसरी अट उडवा. इंडियानातल्या दुकानदाराने इलिनॉयचा कायदा का पाठ करायचा? शिवाय त्याला दोन्ही राज्यांचे कायदे माहीत होते, असं कलम गृहीतच धरतं. नव्हते हे दाखवणं त्याच्यावर. मग तो परराज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बघूनच "नाही" म्हणतो. बंदूक घेताना भरायचा केंद्राचा फॉर्म ४४७३ देशभर एकच, निक्स ही केंद्राची पार्श्वभूमी-तपासणीही सगळीकडे. आणखी काय हवं?

कलमकसाई
बरंच काही हवं. एखाद्या राज्याने लांब बंदुकीसाठी स्वतःचं कार्ड लावलं असेल, तर ते खिशात आहे का, हे निक्स विचारत नाही. इलिनॉयचं फॉइड कार्ड घ्या, नाहीतर न्यू जर्सीचं फायरआर्म्स आयडी. तुम्ही म्हणता ती दुसरी अट उडाली की न्यू जर्सीचा माणूस डेलावेअर नदी ओलांडेल, पेनसिल्व्हेनियात रायफल घेईल, आणि जेवायला घरी. मग ते कार्ड काढायचं कुणी?

आणि १९६८चा कायदा आला कुठून? केनेडींवर झाडलेली रायफल शिकागोच्या दुकानातून टपालाने, खोट्या नावावर डॅलसला गेली होती. 'समोरासमोर' ही अट हवेतून पडलेली नाही.

दुनळीवाला
समोरासमोरला माझा विरोध नाहीच, वर वाचा. कॅलिफोर्नियाने स्वतःची सोय कशी केली बघा: १ जानेवारी २०१५ पासून तिथल्या रहिवाशाने बाहेर घेतलेली बंदूक आधी कॅलिफोर्नियातल्या डीलरकडे यावी लागते. तिथे १० दिवसांची थांब. ज्या राज्याला कडक व्हायचंय त्याने आपल्या रहिवाशाला धरावं, दुसऱ्याच्या दुकानदाराला कशाला वेठीला धरता?

नळीतज्ज्ञ
भांडा निवांत, पण आधी 'लांब बंदूक' म्हणजे काय ते ठरवा, घोटाळा तिथेच होतो. रायफलची नळी किमान १६ इंच, शॉटगनची १८, आणि दोन्ही खांद्याला लावून झाडण्यासाठी बनवलेल्या. मॉसबर्ग शॉकवेव्हला १२ गेजचं काडतूस लागतं, पण नळी साधारण १४ इंच आणि दस्ता पक्ष्याच्या डोक्यासारखा, खांद्याला लावायचा नव्हेच. म्हणून कायद्याने ती शॉटगन नाही, नुसती 'फायरआर्म'. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला काउंटरवर देता येत नाही, आणि किमान वय रायफलीसारखं १८ नव्हे, २१. एआर-१५ रायफलीचा नुसता लोअर रिसीव्हर (खालचा सांगाडा) घ्यायला गेलात तरी हेच. लोक तीन तास गाडी हाकून जातात नि रिकाम्या हाताने परततात.

दुसरी अडचण वाराची. शुक्रवारी निक्सचा निकाल 'डिलेड' (लांबणीवर) आला, तर मधले तीन कामाचे दिवस सोम, मंगळ, बुध. तोवर पुढचा निकाल आलाच नाही, तर बंदूक लवकरात लवकर गुरुवारी. गिऱ्हाईक तर रविवारीच घरी. दुकानदार ती घरपोच पाठवू शकत नाही. गिऱ्हाइकाच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवायची, तिथे नवा ४४७३, नवी तपासणी, आणि त्याची फी वेगळी. गिऱ्हाईक २१च्या आतलं असेल, तर २०२२च्या कायद्याने ही थांब १० कामाच्या दिवसांपर्यंत ताणते.

कलमकसाई
"तू घेऊन ठेव, मी नंतर नेतो" म्हणणाऱ्या भावाबंदांसाठी अब्राम्स्की खटला (२०१४) सांगतो. व्हर्जिनियातल्या पुतण्याने पेनसिल्व्हेनियातल्या काकासाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. काकाला देतानाही ते रीतसर डीलरमार्फत दिलं. काकाला बंदूक बाळगायला कसलीही आडकाठी नव्हती. तरी ४४७३वर "खरा खरेदीदार मीच" असं लिहिल्याबद्दलची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ ने कायम राहिली. रायफललाही हाच फॉर्म, हाच प्रश्न.

एचवनबीवाले
आपल्या लोकांसाठी एक. एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर आलेल्याला बंदूक बाळगणंच मना आहे, रेंजवर भाड्याने घेतलेलीसुद्धा. सर्रास वापरला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेत मिळालेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. तो संपला की घरातली रायफलही बेकायदा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही, मात्र फॉर्मवर ए-नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) लागतो. आणि राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही. फॉर्मवर अंमली पदार्थांच्या प्रश्नाखाली तसं छापलेलंच आहे.

दुनळीवाला
मान्य. मग अर्ध्यावर येतो. अट राहू दे, पण दुकानदाराला सगळं माहीत होतं हे गृहीतक काढा. एटीएफ (बंदुकांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) राज्यांचे कायदे एकत्र करून प्रसिद्ध करतेच. त्या संकलनात बघून विक्री केली, तर त्याच्यावर ठपका नको.

कलमकसाई
आणि संकलन निघाल्यावर राज्याने कायदा बदलला तर? वॉशिंग्टनने २०२३च्या एप्रिलमध्ये बऱ्याच सेमी-ऑटो रायफलींची विक्री बंद केली, सहीच्या दिवसापासून. त्या दुपारी ओरेगनच्या काउंटरवर वॉशिंग्टनचं गिऱ्हाईक उभं असेल, तर दुकानदाराने जुनं संकलन दाखवायचं का?

दुनळीवाला
नाही. पण त्यासाठी तुरुंगही नको. एवढंच म्हणतोय.