क्रूक टाउन: पाच वेळा राष्ट्रीय करंडक जिंकलेला क्लब इतका खाली कसा गेला?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी क्रूक टाउन या इंग्लिश फुटबॉल क्लबवर दोन पानांचा लेख लिहितोय. क्लब डरहम परगण्यातला, स्थापना १८८९ ची, रंग काळा आणि अंबर. एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) घ्यायची तो हौशी संघांचा अमॅच्युअर कप पाच वेळा जिंकलाय: १९०१, १९५४, १९५९, १९६२ आणि १९६४. आज मात्र प्रीमियर लीगपासून मोजलं तर आठ-नऊ पायऱ्या खाली. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. हे खेळाडू खरंच फुकट खेळायचे का? घसरण नेमकी कशाने झाली? ('कोळशाच्या खाणी बंद पडल्या' एवढ्यावर भागवायचं नाहीये.) आणि जुन्या नोंदी वाचताना कुठे फसायला होतं? अंक बुधवारी छपाईला जातो.

कूपरेज_स्टँड:
फुकट? कागदावर. पैसे घेऊन खेळायला इंग्लंडमध्ये १८८५ पासूनच परवानगी होती. अमॅच्युअर कप १८९३-९४ ला सुरू झाला तो पैसे न घेणाऱ्यांसाठी. हौशी खेळाडूला प्रवासखर्च घेता यायचा आणि सगळी गोम त्यातच. भाडं वाढवून लावायचं, नाहीतर सामना संपल्यावर बुटात पाकीट. १९२७-२८ च्या हंगामात क्रूकवरूनच हे प्रकरण पेटलं आणि डरहममधले शेकडो खेळाडू एका फटक्यात निलंबित झाले. लेखात हे टाळू नका, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग हाच आहे.

अंकाच्या वाचकांना समजवायचं तर मुंबईच्या कूपरेज मैदानाचं उदाहरण द्या. टाटा, मफतलाल, रेल्वे, बँका यांचे संघ. हजेरीपटावर कारकून, प्रत्यक्षात दुपारपासून मैदानावर.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहा: हौशी म्हणजे कच्चा नव्हे. शेमस ओ'कॉनेल हा खेळाडू शेजारचा क्लब बिशप ऑकलंड आणि क्रूक दोन्हीकडून खेळला. हौशी राहूनच तो १९५४-५५ मध्ये चेल्सीच्या लीगविजेत्या संघातही होता. १९६१ पर्यंत व्यावसायिक खेळाडूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. मग नोकरीचा पगार अधिक पाकीट हा हिशेब फारसा वाईट नव्हता. मर्यादा उठली आणि हिशेब फिरला. फ्रँक क्लार्क १९६२ चा कप क्रूककडून जिंकला आणि त्याच वर्षी न्यूकॅसलला गेला. पुढे १९७९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून युरोपियन कप.

पामबीच_विंगर:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. क्रूक शिडीवरून घसरला असं लिहिलंत तर ते चुकेल. तो ज्या शिडीवर उभा होता तीच काढून घेतली गेली. १९७४ ला एफएने हौशी-व्यावसायिक हा भेदच रद्द केला आणि त्याच वर्षी अमॅच्युअर कप शेवटचा खेळला गेला. ज्या स्पर्धेत क्रूकची प्रतिष्ठा होती ती स्पर्धाच उरली नाही.

त्याच सुमारास दुसरी शिडी, म्हणजे बढतीने एकमेकींना जोडलेल्या लीगांची उतरंड, बांधली जात होती. १९६८ ला नॉर्दर्न प्रीमियर लीग, १९७९ ला तिच्या वर अलायन्स प्रीमियर लीग, आणि १९८७ पासून तिथल्या विजेत्याला थेट व्यावसायिक क्लबांच्या फुटबॉल लीगमध्ये बढती (पहिला मान स्कारबरोचा). क्रूक जिच्यात खेळायचा ती नॉर्दर्न लीग मात्र 'आम्ही १८८९ पासूनचे, कुणाच्या हाताखाली का जायचं' या ताठ्यात बाहेरच राहिली. आत आली तेव्हा १९९१ उजाडलं होतं, वरच्या जागा भरलेल्या. ज्यांना घाई होती ते आधीच निघाले होते. बिशप ऑकलंड १९८८ ला गेला. माझ्या मते घसरणीचं खरं कारण हा ताठा. खाणींचा नंबर त्यानंतर.

वाशी_सेक्टर१७:
विंगरसाहेब, अर्धंच पटलं. शिडीमुळे क्लबची जागा ठरते, पण अकरा जण आणि तिकीट काढणारे गावातूनच यायला हवेत. १९५१ च्या विकास आराखड्यात डरहम परगण्याने ११४ गावं 'ड' वर्गात टाकली. म्हणजे तिथे नवी गुंतवणूक नाही, वस्ती हळूहळू उठू द्यायची. त्यातली बरीच पश्चिमेकडच्या, म्हणजे क्रूकच्या बाजूच्या खाणपट्ट्यातली. १९६५ ला क्रूकची प्रवासी रेल्वेही बंद. पाचवा कप १९६४ चा. तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा.

आणि बाहेर राहिल्याने नॉर्दर्न लीगचा खेळ काही मेला नव्हता. कनिष्ठ क्लबांसाठीचा एफए व्हाझ हा करंडक तिच्यातल्याच व्हिटली बेने २००९, २०१० आणि २०११ असा सलग तीनदा नेला, पुढच्या वर्षी डन्स्टनने, त्याच्या पुढच्या वर्षी स्पेनीमूरने. यात व्हिटली बे आणि डन्स्टन टाइन नदीच्या परिसरातले, जिथे माणसं टिकली. म्हणून कारण एकच लिहू नका.

नेरुळ_लाइन्समन:
तिसरा प्रश्न, फसायच्या जागा.

'स्टेप ५' वाचून पाचवा स्तर समजू नका, स्टेप व्यावसायिक लीगांच्या खालून मोजतात. स्टेपमध्ये ४ मिळवा की एकूण स्तर येतो, म्हणजे स्टेप ५ हा नववा. नॉर्दर्न लीग आणि नॉर्दर्न प्रीमियर लीग या वेगळ्या संस्था आहेत, यावर चांगले-चांगले घसरतात. हंगाम १९५३-५४ असेल तर कप १९५४ चा धरायचा. स्थापनेचं वर्ष आणि पहिल्या लीगचं वर्ष एक नसतं: क्रूक १८८९ चा, नॉर्दर्न लीगमध्ये १८९६ ला आला. १९१५-१९ आणि १९३९-४५ या महायुद्धांच्या वर्षांत एफए कप, अमॅच्युअर कप बंदच होते, तेव्हा रिकाम्या जागा म्हणजे अपयश नव्हे.

एफए कपात 'पहिली फेरी' दोनदा येते: पात्रता फेरीतली पहिली आणि मुख्य पहिली. आजच्या रचनेत स्टेप ५ चा क्लब अगदी तळाच्या प्राथमिक फेरीपासून निघाला तर मुख्य पहिल्या फेरीआधी सहा फेऱ्या पार कराव्या लागतात. लेखात 'पहिल्या फेरीत बाद' एवढंच लिहिलंत तर शूरपणाचं हसं होईल.

जमाखर्चाची वही हाती आली तर १९७१ आधीचे पैसे दशांशात वाचू नका. २० शिलिंगांचा पौंड, १२ पेन्सचा शिलिंग. १ पौंड १० शिलिंग म्हणजे दीड पौंड. संघाच्या यादीत 'ए. एन. ऑदर' दिसला तर तो माणूस शोधत बसू नका. नाव लपवायचं किंवा अजून ठरायचं असलं की ते छापायचे.

१९५४ चा अंतिम सामना तपासून लिहा. कुठे-कुठे फक्त १-० दिसतं, पण तो तिसरा सामना. समोर सात-आठ किलोमीटरवरचा बिशप ऑकलंड. वेम्बलीवर १ लाख लोकांसमोर २-२, न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर पुन्हा २-२, आणि मिडल्सबरोच्या एअरसम पार्कवर १-०. १९६२ लाही हाउन्स्लो टाउनशी आधी १-१, मग फेरसामन्यात ४-०.

घोडबंदरकर:
फार उपयोग झाला. आता सुरुवात कुठून करू? इथल्या वाचकाला क्रूकशी काय घेणं-देणं?

कूपरेज_स्टँड:
दोन धागे आहेत. १९७६ ला क्रूकचा संघ भारतात येऊन खेळून गेला, कोलकात्यात मोहन बागानशीही. दुसरा जॅक ग्रीनवेल. क्रूकजवळच्या खाणवस्तीतला, १९१२ पर्यंत क्रूककडून खेळला, मग बार्सिलोनाला गेला आणि १९१७ ते १९२३ तिथला प्रशिक्षक. पुढे १९३९ ला पेरूला दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद मिळवून दिलं. त्या खंडाबाहेरच्या दुसऱ्या कुणा प्रशिक्षकाला ते आजवर जमलेलं नाही. आमच्या मुलांच्या अंगावर बार्साचे शर्ट असतात, तेव्हा सुरुवात ग्रीनवेलपासून करा. मोहन बागान चौकटीत टाका.

नेरुळ_लाइन्समन:
चौकटीत प्रेक्षकसंख्या देणार असाल तर त्या दिवसांच्या वर्तमानपत्रातून घ्या. क्लबच्या पुस्तिकांत असे आकडे गोल होत जातात.