शाईचे पेन : तुम्ही शाई कशी भरत होता?

गेल्या आठवड्यात महाद्वार रोडवरच्या एका दुकानात शाईची बाटली मागितली, तेव्हा दुकानदारांनी ती मागच्या खोलीतून शोधून, धूळ पुसून आणून दिली. माझ्या शाळेच्या दिवसांत अशी बाटली गल्ल्याशेजारी उघडी असे आणि चार-दोन पैशांत ड्रॉपरने पेन भरून मिळे. शाई भरण्याच्या या कृतीविषयी कोल्हापूरकरांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे.

आरंभापुरते थोडे पूर्वपीठिकेचे. शाई पोटात बाळगणाऱ्या पेनासाठी पेत्राके पोएनारू या रुमानियन तरुणाने १८२७ साली फ्रान्समध्ये पेटंट मिळवले होते. मात्र शाई बाहेर पडते तेवढी हवा आत गेली नाही, तर पेन एक तर अडते किंवा एकदम गळते. ही अडचण लुईस वॉटरमन यांच्या १८८४ च्या पेटंटाने बऱ्याच अंशी दूर केली. निबेखालच्या जिभेवरील बारीक खाचांतून शाई उतरते आणि त्याच वाटेने हवा वर चढते, ही त्यातील खरी युक्ती होय. आपल्याकडे दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकण्यापासून झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण गोळी पाण्यात विरघळवून शाई घरीच तयार करता येत असे.

शाहूपुरीतून :
माझे वडील गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या टेबलावर अशाच गोळ्यांची शाई असे. सौदे संपल्यावर रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या, वजन आणि भाव ते खतावणीत शाईने उतरवत. पुढे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पट्टीची कार्बन प्रत ठेवण्याची पद्धत आली आणि दुकानात बॉलपेन शिरले. कार्बनला दाब लागतो आणि तेवढा दाब दिला की शाईच्या पेनाची निब फाकते. वडिलांनी पट्टीपुरते बॉलपेन घेतले, खतावणीला मात्र अखेरपर्यंत लावले नाही.

मंगळवार पेठेतून, निवृत्त शिक्षिका :
मी शाळेत विज्ञान शिकवत असे. पेन निम्म्याहून अधिक रिकामे झाले की ते गळते, अशी तक्रार मुली नेहमी करत आणि पेन बदलून देण्याचा हट्ट घरी धरत. दोष पेनाचा नव्हता. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई कमी झाली की हवा वाढते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाई पुढे ढकलते. मी एका तासाला दोन सारखीच पेने, एक काठोकाठ भरलेले आणि एक जवळजवळ रिकामे, मुलींच्या मुठीत पाच मिनिटे धरायला दिली. दुसऱ्याने टीपकागदावर टपोरा थेंब टाकला. तो धडा त्या मुलींना पाठ करावा लागला नाही. शाई संपत येण्यापूर्वीच पेन भरावे आणि आट्यांना व्हॅसलीनचे बोट लावावे, एवढे पाळले तर इबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, साधे पेन तीस-तीस वर्षे चालते. माझे चालले आहे.

राजारामपुरीतून, महाविद्यालयीन विद्यार्थी :
माझ्या पेनात प्लॅस्टिकची कार्ट्रिज बसते. ती संपली की मी इंजेक्शनच्या सिरिंजने पुन्हा भरतो. त्यामुळे एकच कार्ट्रिज वर्षभर पुरते. रॉयल ब्लू घ्यावी की ब्लू-ब्लॅक, हे कोणी सांगेल का?

पंचगंगेकाठच्या घरातून :
तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला २०१९ च्या पुराने दिले. ऑगस्टमध्ये पाणी माळ्याच्या पायरीपर्यंत चढले आणि आजोबांच्या वह्यांची ट्रंक दोन दिवस पाण्यात राहिली. वह्या पंख्याखाली एकेक पान सुटे करून वाळवल्या, तेव्हा रॉयल ब्लूने लिहिलेली पाने जवळजवळ कोरी निघाली आणि जुन्या ब्लू-ब्लॅक शाईची पाने डागाळली तरी वाचता आली. रॉयल ब्लूमध्ये बहुधा पाण्यात विरघळणारा रंग असतो, तर जुन्या पद्धतीच्या ब्लू-ब्लॅकमध्ये लोहाचे क्षार आणि टॅनिन असते, जे हवेने काळे पडून कागदाच्या तंतूंत बसते. आजीने बाळंतपणाला गेल्यावर लिहिलेली पत्रे रॉयल ब्लूची होती. ती गेली. आजोबांच्या ऊस आणि पाटपाण्याच्या नोंदी राहिल्या.

म्हणून टिकवायचे लेखन ब्लू-ब्लॅकने करावे. मात्र घेताना ती लोहयुक्त आहे का, हे बाटलीवर पाहावे, कारण नुसता गडद रंग असलेली शाईही त्याच नावाने मिळते. लोहयुक्त शाई पेनात वाळू देऊ नये. दर महिन्याला निब आणि जीभ साध्या गार पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी आणि रात्रभर फडक्यावर उलटी ठेवून सकाळी भरावी.