चेनच्या पिशव्या एकदम ढीगभर शिवताना काय काय झालं? (अनुभव धागा)

हौसेने एकदम 24 पिशव्या शिवायला घेतल्या, छोट्या, चेन आणि अस्तरवाल्या. बाहेरचे 2 आणि अस्तराचे 2 असे एकीला 4 तुकडे, म्हणजे कापायलाच 96, हे डोक्यात आलं तेव्हा कापड अर्धं कापून झालेलं. म्हटलं आता एकेक पूर्ण करत नाही बसायचं, आधी सगळ्यांना चेन, मग सगळ्यांच्या बाजू. वेग मस्त आला, दोरा न तोडता एकामागून एक सरकवत गेले, तोरणासारखी माळ झाली. पण बाजू शिवताना चेन अर्धी उघडी ठेवायची असते ते विसरले आणि एकदा विसरले ते ओळीने 7 पिशव्यांना! उलटवायला गेले तर तोंड बंद. अस्तरात ठेवलेल्या फटीतून बोटं घालून रनर (चेन उघडायची-मिटायची सरकती कडी) चाचपत ढकलत पाचांचा उघडला, दोघींचा हलेचना, मग त्यांची बाजू उसवली. ढिगाने शिवताना चूकपण ढिगानेच होते. तुमचंही लिहा, मला जरा बरं वाटेल.

---

माझी गंमत रनरची. सुटी चेन मीटरवर मिळते ती आणली, 5 नंबरची नायलॉनची, आणि रनर वेगळे. ओवायला तासभर गेला, कारण दोन्ही पट्ट्या रनरमध्ये सारख्या नाही शिरल्या तर बंद केल्यावर एक टोक पुढे येतं आणि मधेच फुगा राहतो. शेवटी रनर काट्याच्या दात्यांत अडकवून उभा केला, दोन्ही हात मोकळे, दोन्ही पट्ट्या एकदम आत. इतकं शहाणपण करून तीन पिशव्यांना रनर उलटा! ओढायची पट्टी आत अस्तराच्या बाजूला. त्या मीच वापरते.

---

नायलॉनच्या चेनवर कडक इस्त्री फिरवू नका. एवढंच सांगते. वास अजून आठवतो.

---

मी पुरुष, शिवण बघून बघून शिकलोय, त्यामुळे हसू नका. चेन शेवटपर्यंत सरळ जायची आणि रनरपाशी आली की शिलाई पोट काढायची, कारण फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा पाय) रनरला धडकून बाजूला सरकायचा. एकपायी फूट (चेन शिवायचा अरुंद) लावला तरी तेच. नंतर कळलं की थोडं आधी थांबायचं, सुई कापडात खाली ठेवायची, फूट उचलायचा, रनर मागे सरकवायचा, फूट टाकायचा, पुढे चालू. सुई वर राहिली तर कापड हलतं आणि सगळं मुसळ केरात. वरच्या टिपेला टाका 3 मिमी ठेवतो, बारीक टाक्यात जाड थर चुरगळल्यासारखा दिसतो. धातूच्या चेनवरून मात्र मशीन नेऊच नका, माझ्या दोन सुया गेल्या, एकीचं टोक उडून चष्म्यावर आपटलं.

---

बूड चौकोनी करायच्या नादात मी गणितात मार खाल्ला. कोपऱ्यातून कापडाच्या कडेपासून 3 सेंमीचा चौकोन कापला, त्यात शिलाईचा 1 सेंमी मिळवला म्हणजे बूड 8 सेंमी होणार ना? नाही! सगळीकडे शिलाई सारखीच घेतली तर बूड चौकोनाच्या दुप्पटच होतं, म्हणजे 6. ज्या डब्यासाठी शिवली तो काही बसला नाही. 8 हवं असेल तर 4 चा चौकोन कापायचा. आणि अस्तराचे कोपरेपण तेवढेच कापा, मी एकदा विसरले तर आत अस्तराचा बोळा झाला.

---

आधी धुतलं नव्हतं का कापड, असं मला सगळ्यांनी विचारलं. नव्हतं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटलं, चेन आटत नाही, तोंडाला लाटा आल्या. सहाच्या सहा पिशव्या हसतायत.

---

धागा काढणारी परत आले. रनर मागे सरकवायचं आज करून बघितलं, पहिल्यांदा पोट आलं नाही! टाचण्यांऐवजी चेन चिकटपट्टीने धरून ठेवली, बोटंही वाचली, फक्त पट्टी शिलाईच्या बाहेर ठेवा, नाहीतर सुईला गोंद लागतो आणि टाके सुटतात. 19 झाल्या. उरलेल्या 5 ना चेन कमी पडलीये, त्यांना बटण लावू का?