आधी बॅटरी बदलून बघा
आयफोन १३ ची बॅटरी संध्याकाळी परतताना ठाण्यालाच मान टाकते, म्हणून १६ घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर घाई करू नका. सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता किती उरलीय, किती टक्के दाखवतंय ते आधी बघा. १४ पर्यंतच्या मॉडेलची बॅटरी ५०० चार्ज सायकलनंतर (एकूण १०० टक्के चार्जिंग वापरलं की एक सायकल) ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे. १५ पासून हाच आकडा १,००० आहे. आणि १३ तर २०२१ चा!

त्यात आपला लोकलचा प्रवास. गाडी पळते तसे टॉवर बदलतात, मध्येमध्ये रेंज जाते, फोन सिग्नल शोधत बसतो आणि चार्जिंग खातो. नव्या फोनमध्येही हे होणारच.

मी माझ्या १३ ची बॅटरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बदलून घेतली. आता डोंबिवली-सीएसएमटी जाऊन-येऊन रात्रीपर्यंत आरामात पुरते. स्वस्तात मिळते म्हणून कुठेही टाकू नका हं, फोन उघडल्यावर सील नीट बसलं नाही तर आपल्या पावसात पाणी आत जायला वेळ लागत नाही.

टाइप-सी पोर्ट किंवा ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सुविधा) खरंच हवं असेल तर मात्र १६ घ्या, ते १३ वर मिळणार नाही.