आठ महिने गाडी बंद राहणार, इंजिनसाठी काय काय करून ठेवू?

नवखा_चालक: नमस्कार मंडळी, कामासाठी आठ महिने बाहेर जातोय, पेट्रोल गाडी आहे, शेडमध्येच उभी राहील. धाकटा भाऊ म्हणतो दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करतो, बास. एवढं पुरेल ना? आणि ऑइल आल्यावरच बदलतो, उगाच नवीन ऑइल पडून कशाला खराब करायचं?

काळे_हात: दोन्ही उलटं करतोयस मित्रा 😀 एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पाच मिनिटांत तापत नाही मग तेच पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसतं आणि आतून गंज. वर स्टार्टरने खाल्लेली बॅटरी तेवढ्यात परत भरतही नाही. ऑइल आधीच बदल, फिल्टरसकट. वापरलेल्या ऑइलमध्ये ॲसिड आणि ओलावा असतो, तो आठ महिने बेअरिंगला लागून राहणार. बदलल्यावर गाडी चांगली तापेपर्यंत फिरव आणि मगच उभी कर.

नवखा_चालक: बापरे, बरं झालं विचारलं. टाकी रिकामी करू का? बॅटरीचं काय?

काळे_हात: रिकामी नको, फुल कर. मोकळी जागा जास्त तेवढी दमट हवा जास्त, आणि इथेनॉलवालं पेट्रोल ओलावा ओढतं. भरतानाच फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल पडून खराब होऊ नये म्हणून टाकायचं औषध) टाक आणि मग दहा मिनिटं इंजिन चालव, नाहीतर ते टाकीतच राहील, इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचणारच नाही. बॅटरी फुल चार्ज करून निगेटिव्ह वायर काढ. मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, १२.४ च्या खाली पडून राहिली की हळूहळू कामातून जाते.

उंदीरग्रस्त: उंदीर विसरू नका हो!! माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात अख्खं घरटं निघालं, वायरी कुरतडल्या त्या वेगळ्याच. एअर इनटेक आणि सायलेन्सरचं तोंड जाळीने नाहीतर फडक्याच्या बोळ्याने बंद करा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा की बोळे काढ, आठ महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहतंय.

जुनी_गाडी_जुना_मी: प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल पण सोडा.

काळे_हात: काका, दोन-तीन वर्षं उभी राहणार असेल तर नक्की करावं, आठ महिन्यांसाठी कॉइल-प्लग खोलायचा खटाटोप मी तरी नाही करणार. त्यापेक्षा परत आल्यावर एकदम स्टार्ट मारू नकोस हे महत्त्वाचं. आधी ऑइल-कूलंटची लेव्हल बघ, मग फ्युएल पंपचा फ्यूज काढून (म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल) पाच-पाच सेकंद दोन-तीनदा सेल मार, ऑइल वरपर्यंत चढू दे, मग फ्यूज लावून चालू कर. लगेच रेस करू नको.

नवखा_चालक: भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो मग मी दर रविवारी अर्धा-पाऊण तास हायवेला फिरवूनच आणतो 🙄

काळे_हात: हसू नको, तेच सगळ्यात भारी! फक्त नीट तापू दे म्हणावं. मग स्टॅबिलायझर नको, बॅटरी काढायला नको, फक्त ऑइल बदलून जा.

उंदीरग्रस्त: आणि निघायच्या आधी बॉनेट उघडून बघायला सांगा त्याला.