मदत हवी आहे: कबड्डीच्या मुलामुलींसाठी स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगवर मराठीत बोलणारे जाणकार वक्ते (गुहागर)

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात समुद्रकाठच्या एका गावात आमचं कबड्डी मंडळ आहे. मी पंधरा वर्षं डावा कोपरा सांभाळला, आता सराव घेतो. मंडळात २२ मुलं आणि १४ मुली आहेत, वयं १२ ते २१. गणपती झाल्यावर आणि भातकापणी अंगावर येण्याआधी एखाद्या रविवारी दिवसभराचं शिबिर घ्यायचं मनात आहे. खेळाडूची ताकद कशी वाढवायची, अंग खेळासाठी कसं तयार करायचं, दुखापत कशी टाळायची, म्हणजे ज्याला स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग म्हणतात तो विषय. यावर मराठीत बोलणारे आणि आमच्या मातीच्या मैदानात उतरून करून दाखवणारे जाणकार हवे आहेत.

हे का सुचलं ते सांगतो, म्हणजे नेमकं काय हवंय ते कळेल.

शिमग्यानंतरच्या सामन्यांत आमची सतरा वर्षांची चढाईपटू परत फिरताना पाय रोवायला गेली आणि तिचा गुडघा आत वळला. तिला कुणाचा हातसुद्धा लागलेला नव्हता. "सर, आतून कट्‌ असा आवाज आला," असं ती म्हणाली होती. मी बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं आणि मुरगळलं असेल असं धरून चाललो. पंधरा दिवसांनी सूज उतरली तशी तिला हळूहळू पळायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात गुडघा पुन्हा सटकला. चिपळूणला एमआरआय काढला तेव्हा कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलंय. मुंबईत ऑपरेशन झालं. किमान नऊ महिने मैदान नाही. तिची आई मला एवढंच म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठवत होतो." गुडघ्यातल्या त्या 'कट्‌' आवाजाचा अर्थ मला माहीत असायला हवा होता. नव्हता.

तेव्हापासून रोज रात्री यावर मिळेल ते वाचतोय. असे गुडघे बहुतेक वेळा धक्का न लागताच जातात: एकदम थांबताना, दिशा बदलताना, उडी मारून उतरताना. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. आणि ते कमी करता येतं. फुटबॉलवाल्यांनी २००६ साली 'फिफा ११+' नावाचा वॉर्मअप तयार केला. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, कुठलंही मशीन नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर त्याचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी दिसल्या. आम्हीही सरावाआधी वीस मिनिटं देतो, पण ती सगळी मैदानाला फेऱ्या मारण्यात जातात.

पण फुटबॉलचा वॉर्मअप जसाच्या तसा कबड्डीला लावून भागेल असं वाटत नाही. आपल्याकडे चढाईपटू वाकून, मागे सरकत खेळतो. पकड झाली की तीन जणांचं वजन अंगावर घेऊन मध्यरेषेकडे ओढत जातो. कोपऱ्यातला खेळाडू बसल्या जागेवरून घोट्यावर झेपावतो. चढाई ३० सेकंदांची, मग बाजूला उभं राहणं, मग पुन्हा जीव तोडून ३० सेकंद. माझ्या सरांनी मला पहाटे किनाऱ्यावर चार-पाच किलोमीटर पळवलं, मीही पोरांना तेच पळवतो. दम वाढतो, नाही असं नाही. पण मऊ वाळूत पळायला टणक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते आणि पोटऱ्या-घोट्यांवर वेगळाच ताण येतो, हे मला आत्ता कळलं. आमच्या निम्म्या पोरांच्या टाचेच्या वरची शीर कायम का दुखते, याचं उत्तर त्यात असू शकेल. समुद्र दारात आहे तर तो किती वापरावा, कधी वापरू नये, हे सांगणारं माणूस हवं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही असंच एक शिबिर केलं होतं. शहरातून एक नावाजलेले ट्रेनर आले. प्रोजेक्टर, इंग्रजी स्लाइड, लेग प्रेस आणि केबल मशीनचे फोटो. आमच्याकडे आहे एक बार, गंजलेल्या प्लेटा, डंबेलच्या दोन जोड्या आणि ट्रॅक्टरचा टायर. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि सोमवारी आम्ही पुन्हा फेऱ्या मारायला लागलो. त्यांनी मनापासून सांगितलं, पण आमच्यासाठी काय सांगायचं याचा विचार ना त्यांनी केला, ना आम्ही त्यांना तसं विचारलं.

म्हणून या वेळी नीट विचारून बोलवायचंय. मोठी नावं मला ठाऊक आहेत. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाचे रामजी श्रीनिवासन, नंतर कोहलीच्या संघाला वजनं उचलायला लावणारे शंकर बासू, टोकियोत महिला हॉकी संघाच्या तंदुरुस्तीमागे असलेले वेन लोम्बार्ड. ही माणसं आमच्या आवाक्यातली नाहीत. पण अशांच्या पद्धतीत तयार झालेलं, मुंबई-पुणे-कोल्हापूरकडचं, मराठी बोलणारं कुणी असेलच ना?

पात्रता कशी ओळखायची हा माझा खरा अडसर आहे. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठानं १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना ताकदीचे वेगळे कोच म्हणून नेमलं, आणि १९७८ मध्ये त्यांनीच या कोचांची राष्ट्रीय संघटना उभी केली. तिची 'सीएससीएस' ही परीक्षा द्यायला पदवी लागते. आपल्याकडे पतियाळाच्या एनआयएसमधून, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून, ही संस्था १९६१ पासूनची, शिकलेले कोच असतात. शिवाय स्पोर्ट्समध्ये मास्टर्स केलेले फिजिओथेरपिस्ट असतात. आणि जिममध्ये सर्टिफिकेट लावलेले तर ढिगानं असतात. यातलं आमच्यासारख्यांनी कोणाला बोलवावं?

वक्त्यांनी कशावर बोलावं हेही सांगून ठेवतो. गुडघा आणि मांडीमागचा स्नायू तर हवाच. गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे आणि हळूहळू पुढे झुकायचं, त्या नॉर्डिक व्यायामानं मांडीमागच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात असं वाचलंय. तो नीट करून घेणारं कुणी हवं. लहान मुलांनी वजन उचललं तर उंची खुंटते, हे आमच्या गावात प्रत्येक घरात बोललं जातं. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीनं केलं तर तसं होत नाही, हे पालकांसमोर एखाद्या डॉक्टरनं किंवा फिजिओनं सांगितलं तर माझं निम्मं काम होईल. माझं ऐकत नाहीत.

वजनगटाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. स्पर्धेच्या वजनाआधी दोन दिवस पोरं जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, जॅकेट घालून उन्हात पळतात. कोकणातल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही. गेल्या वर्षी एक मुलगा वजन देऊन आला आणि तिथेच खाली बसला, डोळे फिरवले. आम्ही पाणी ओतलं, सावरला. अशा वेळी आधी अंग गार करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, हेसुद्धा आम्हाला कुणी कधी शिकवलेलं नाही.

खाण्याबद्दल कुणी बोलणार असेल तर त्यांनी आमच्या ताटातलं बोलावं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं म्हणतात. म्हणजे साठ किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस ग्रॅम असतात. कुळीथ, अंडी, दूध आहेच. तरीही पोरं मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांकडून पावडरचे डबे मागवतात. त्या डब्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि डोपिंगच्या नियमात 'मला माहीत नव्हतं' एवढ्यानं सुटका होत नाही. हे अधिकारवाणीनं सांगणारं माणूस हवं.

आणि मुलींसाठी शक्यतो ताईच हव्यात. पाळी, लोहाची कमतरता, कमी खाऊन जास्त खेळणं, हे विषय माझ्यासमोर त्या बोलणार नाहीत. बोलल्या तरी मला उत्तर येत नाही.

खर्चाचं उघड सांगतो. मंडळाचे आणि मुंबईकर मंडळींचे मिळून पंचवीस हजार आहेत. प्रवास, मानधन, जेवण सगळं त्यात. चिपळूण स्टेशनवरून गाडीनं आणू, राहायला माझ्या आतेभावाचं घरगुती होमस्टे आहे, सुरूच्या बनाला लागून. मानधन किती द्यावं हे विचारायला संकोच वाटतो. ज्यांनी अशी शिबिरं घेतली आहेत त्यांनी कृपया सांगा. फुकट या असं मी कुणाला म्हणणार नाही.

भर (पाच दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

कोल्हापूरच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी लिहिलंय की सर्टिफिकेट बघा, पण त्याआधी फोनवर विचारा: "पहिल्या तासात आमच्या पोरांकडून काय करून घ्याल?" जो आधी मुलांची वयं, जुन्या दुखापती आणि मैदान कसं आहे हे उलट विचारेल, त्याला बोलवा. ताई, कालच एका सरांना फोन केला आणि हाच प्रश्न विचारला. त्यांनी पहिलं विचारलं, मैदानाची माती किती टणक आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलणार आहोत.

अलिबागच्या दादांची सूचना तर लगेच अमलात आणली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली सोडून बाकी प्रत्येकीचा खोक्यावरून उडी मारून उतरतानाचा व्हिडिओ समोरून काढला. त्यांतल्या नऊ जणींचे गुडघे उतरताना आत येतात. मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. मुलींचे व्हिडिओ इथे टाकणार नाही, पालकांना विचारून फक्त वक्त्यांना पाठवीन.

बऱ्याच जणांनी म्हटलंय की एका दिवसानं काही होत नाही. पटलं. म्हणून आता बेत असा: एक दिवस प्रत्यक्ष शिबिर, नंतर तीन महिने पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओ कॉलवर आमचा सराव बघून चुका सांगायच्या. पैसे त्या हिशोबानं विभागून देऊ. डेरवणच्या क्रीडा संकुलात जाऊन चौकशी करा असं दोघांनी सुचवलंय, रविवारी जातोय.

अजून अडलंय ते एवढंच: मुलींशी बोलणाऱ्या ताई. खेळाडूंसोबत काम केलेल्या डॉक्टर, फिजिओ किंवा आहारतज्ज्ञ, रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडातल्या असतील तर उत्तमच, नसतील तरी येण्याजाण्याची सोय आम्ही करू. कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आधी विचारून मला व्यक्तिगत निरोप पाठवा, नंबर उघड टाकू नका.

आमची चढाईपटू आता कुबड्या सोडून चालते. शिबिराला ती येणार आहे, पहिल्या रांगेत बसणार म्हणते. तिच्या आईलाही आणायला सांगितलंय.