कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये, हा ढोंगीपणा आहे का?

संडेस्कूल_टीचर:
सर्वांना सलाम. मी नगर जिल्ह्यातली. आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती, रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होते, पप्पा मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीत आहेत आणि मी संडे स्कूल घेते. पण माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हिंदू आणि पुढे आमची मूळची जात लिहिलेली आहे, पप्पांच्या दाखल्यावर पण तेच. आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. आता सरकारी भरतीची जाहिरात आलीय, एससीतून फॉर्म भरला तर माझं काम होऊ शकतं, पण जात पडताळणीला प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यात मी हिंदू आहे असं स्वतः सही करून द्यावं लागणार. भाऊ म्हणतो कागद वेगळा विश्वास वेगळा, देव मन बघतो. नेमका मागच्या रविवारी मुलांना बायबलमधल्या दानीएलाचा धडा होता, तीस दिवस राजाशिवाय कोणाकडे प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघाला तरी तो उघड्या खिडकीपाशी देवाची प्रार्थना करत राहिला, आणि एका मुलाने विचारलं, टीचर, हुकूम तीसच दिवसांचा होता ना, मग तेवढे दिवस खिडकी लावून प्रार्थना केली असती तर देवाला चाललं नसतं का? मी विषय बदलला, आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. नोकरीची खरंच गरज आहे, घरात कमावणारे पप्पा एकटे. सही केली तर मी ढोंगी ठरते का? आणि मग संडे स्कूल सोडावं का? जज करू नका प्लीज, पण गुळगुळीत उत्तर पण नको.

सोलापूरकर_विश्वासी:
ताई, सरळ सांगतो, सही करू नका. बायबलात मत्तय 10:32-33 वाचा, जो माणसांसमोर मला नाकारेल त्याला मीही माझ्या पित्यासमोर नाकारीन असं प्रभू स्वतः म्हणतो, त्यात "कागदावर नाकारलं तर चालेल" असं कुठे लिहिलेलं नाही. त्या मुलाचा प्रश्न चांगला आहे. मत्तय 6 मध्ये प्रभू दार लावून प्रार्थना करा म्हणतो आणि दानीएल खिडकी उघडी ठेवतो, पण यात विरोध नाही. दार लावायचं ते लोकांकडून वाहवा मिळवायचा मोह होऊ नये म्हणून. दानीएलाला वाहवा मिळणार नव्हती, सिंहांचा खड्डा मिळणार होता, आणि तो नवीन काही करत नव्हता, आधीपासून दिवसातून तीन वेळा जे करायचा तेच त्याने चालू ठेवलं. त्या महिन्यात खिडकी लावली असती तर ती भीतीने लावलेली खिडकी झाली असती. नोकरी देव देईल.

निवृत्त_मास्तर_जालना:
बेटा, आधी थोडं शांत हो. वरच्या भावाचं वचन बरोबर आहे पण "नोकरी देव देईल" हे वाक्य ज्याच्या घरात पगार येतो त्याला बोलायला सोपं जातं.

ही गोष्ट आली कुठून ते तरुण मुलांना कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. 1950 चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश आला त्यात हिंदू सोडून इतर धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानणार नाही असं ठरलं. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. म्हणजे गावात पाणवठ्यावर जात तीच, टोमणा तोच, पण चर्चमध्ये गेलात की सवलत गेली. तुमच्या आजोबा-पणजोबांनी पोरं शिकावीत म्हणून शाळेत जुनंच नाव आणि जुनीच जात लावली असेल तर त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही, माझी जीभ वळत नाही. ज्याच्यासमोर ताट ठेवून भूक किंवा नाव यातलं एक निवड म्हणतात त्याची परीक्षा घेणारे आपण कोण.

बायबलात 2 राजे 5 काढ. अरामी सेनापती नामान कोडातून बरा होतो, एकाच देवाला भजेन म्हणतो, आणि मग संदेष्टा अलीशाला विचारतो की माझा धनी रिम्मोन या त्यांच्या देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची परमेश्वर मला क्षमा करो. अलीशा त्याला झापत नाही, शांतीने जा म्हणतो. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, नामानाने हे लपवलं नाही, संदेष्ट्याच्या तोंडावर सांगितलं. दोन, तो धन्याला आधार द्यायला वाकणार होता, मी रिम्मोनाचा भक्त आहे असं लिहून देणार नव्हता.

तुझ्या दाखल्यावरची ओळ तू लिहिलेली नाहीस, ती तुझी लबाडी नाही. प्रतिज्ञापत्र मात्र तुझं असेल, तुझ्या सहीचं, शपथेवर. माझ्या मते रेघ तिथे आहे. आणि कायद्याने पण सावध राहा, नोव्हेंबर 2024 मध्ये पुद्दुचेरीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती राहून फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. नोकरी लागून पुढे कधीतरी गेली तर दुप्पट हाल.

पुणे_कॅम्प_27:
मास्तर पटलं. पण मला दुसरंच बोलायचंय आणि राग येतो म्हणून लांब होईल. या मुलीला सही करू नको सांगणाऱ्या आपल्याच मंडळ्यांमध्ये लग्न जमवताना पहिला प्रश्न काय असतो? "मूळचे कोण?" रविवारी एका भाकरीतून प्रभुभोजन घेतो आणि सोमवारी स्थळ आलं की आजोबांची जात शोधतो, आणि याला कोणी ढोंगीपणा म्हणत नाही कारण त्याला प्रतिज्ञापत्र लागत नाही. गलतीकरांस पत्र अध्याय 2 बघा, अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर (यहूदी नसलेल्यांबरोबर) बसून जेवत होता, याकोबाकडून यहूदी माणसं आल्यावर त्यांना घाबरून उठला, बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला, आणि पौलाने सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. तिथे प्रश्न ताटाचाच होता, कोण कोणाबरोबर जेवतो. आपल्याकडे पण तोच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं मला म्हणून मोठं वाटतं. नवऱ्याने 1895 ला बाप्तिस्मा घेतला, बाईंनी लगेच मागोमाग घेतला नाही, सोवळं-ओवळं सांभाळत वेगळ्या राहिल्या, मनातली जात सुटली आणि मग 1900 मध्ये बाप्तिस्मा. पटलं नव्हतं तोवर पटल्याचं दाखवलं नाही.

ताई, तुम्ही सही केली नाही तर मंडळीने टाळ्या वाजवून घरी जायचं नाही. मत्तय 23:4 आहे, जड ओझी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची आणि स्वतः बोट पण लावायचं नाही. क्लासची फी, पुस्तकं यात मंडळीने हात घालावा, तुमच्या पप्पांनी कमिटीत हे उघड मांडावं.

वसईचा_मायकल:
मी कॅथलिक आहे, आमच्याकडे कागदाचा हा प्रश्न फारसा येत नाही म्हणून उपदेश करत नाही, फक्त कामाचं सांगतो. राजपत्रात धर्माच्या नोंदीतला बदल प्रसिद्ध करता येतो. त्यानंतर तुम्ही ओबीसीत बसता, ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटक) की ओपनमध्ये हे माहीतगार वकिलाला विचारा, ईडब्ल्यूएसचं 10 टक्के आरक्षण 2019 पासून आहे आणि त्याला धर्माची अट नाही, उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं. फॉर्मची तारीख जायच्या आत विचारा. संडे स्कूल अजिबात सोडू नका, पण पाळकसाहेबांना हे सगळं एकदा बसून सांगा.

संडेस्कूल_टीचर:
सगळ्यांचे आभार, मास्तरांचं वाचून रडू आलं. आज पप्पांशी बोलले, ते बराच वेळ गप्प होते मग म्हणाले की त्यांनी सही केली तेव्हा त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. एससीतून फॉर्म भरणार नाही हे नक्की केलंय, भाऊ नाराज आहे. वकिलाकडे शनिवारी जातोय. मास्तर, त्या मुलाला काय सांगू? त्याच्या घरी पण असाच दाखला आहे हे मला माहीत आहे, त्याच्या आईवडिलांना पोरांसमोर खाली बघायला लागू नये.

निवृत्त_मास्तर_जालना:
मग दाखल्याचं नाव वर्गात काढू नको. त्याला सांग की त्याचा प्रश्न टीचरला पण पडला होता आणि टीचरने त्या दिवशी विषय बदलला. दानीएलाला भीती वाटली की नाही हे शास्त्रात लिहिलेलं नाही, मुलांना विचार त्यांना काय वाटतं, आणि बोलू दे. आईवडिलांना मात्र घरी जाऊन भेट, पप्पांना बरोबर घेऊन जा.